नाव आणि नाद : मोबाइल-खेळांच्या बासनांतून ध्वनी सोडविण्याचा पूर्वेतिहास

इतिहासाची साधने म्हटली की कागद, ताम्रपट, शिलालेख आणि नाणी हीच प्रथम डोळ्यांपुढे येतात. बोलभाषेच्या अभ्यासकास मात्र या यादीत ध्वनिमुद्रणाची भर घालावी लागते. कारण उच्चार, आघात आणि सूर यांचा कागद हा फार अपुरा साक्षी आहे. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत मुद्रित वाणीचा एक प्रचंड साठा अशा ठिकाणी जमा झाला आहे, की जेथे भाषाभ्यासकाचे पाऊल सहसा पडत नाही. ते ठिकाण म्हणजे मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांचे पोट होय. एकेका खेळात व्यावसायिक नटनटींनी उच्चारलेली शेकडो, क्वचित् हजारो, वाक्ये असतात. खेळ बाजारातून काढून घेतला गेला की ही वाणीही त्याबरोबर नाहीशी होते. कोणत्याही ग्रंथालयात तिची प्रत ठेवण्याचा प्रघात अद्यापि पडलेला नाही. ती बाहेर काढण्याची विद्या विद्यापीठांनी नव्हे, तर हौशी मंडळींनी सिद्ध केली आहे.

प्रस्तुत लेखात त्या विद्येची कृती सांगावयाची नसून तिचा इतिहास सांगावयाचा आहे. त्या इतिहासाकडे पाहता मला असे दिसते की, ध्वनी सोडविणे आणि त्या ध्वनीचे नाव सोडविणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले काम आज पुष्कळ सुकर झाले आहे. दुसरे उत्तरोत्तर कठीण होत चालले आहे, आणि आपल्या शास्त्राच्या दृष्टीने महत्त्व आहे ते दुसऱ्यालाच.

प्रथम संज्ञेविषयी थोडेसे. अनेक फाइली एकत्र बांधून केलेल्या एका मोठ्या फाइलीस संगणकाच्या व्यवहारात आर्काइव्ह म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात ज्यांनी काम केले आहे, त्यांस ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. तेथे कागदांची पुडकी कापडात बांधलेली असतात आणि त्यांस रुमाल म्हणतात. पोथ्यांच्या बाबतीत आपण बासन हा शब्द वापरतो. या लेखात आर्काइव्हसाठी मी बासन हाच शब्द योजतो. दप्तराच्या अभ्यासकास आणखी एक गोष्ट परिचयाची आहे. मोडी लिपीतील पत्र वाचता येण्यापूर्वीच त्याचा आरंभ व शेवट कोठे आहे, हे नजरेस कळते. आरंभी श्रीकार असतो आणि शेवटी मोर्तबाचा शिक्का. मोर्तबाचा हेतूच मुळी हा, की लेखनाची सीमा येथे झाली, यापुढे कोणी काही घुसडले तर ते ग्राह्य धरू नये. संगणकातील बाइटांचा प्रवाह हा याहूनही अखंड असतो. त्यात ना परिच्छेद, ना समास, ना कोरी जागा. तेव्हा या प्रवाहात एखादा आवाज कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे ज्यास ठरवावयाचे आहे, त्यास श्रीकारासारखी व मोर्तबासारखी काही खूण सापडली पाहिजे. ध्वनी सोडविण्याचा इतिहास हा मुख्यतः या खुणांचा इतिहास आहे.

आरंभखुणेची ही प्रथा युनिक्स प्रणालीच्या बाल्यावस्थेत दिसून येते, आणि तिचा उगम मोठा गमतीचा आहे. पीडीपी-११ या यंत्रासाठी तयार केलेल्या कार्यक्रमांच्या आरंभी ०४०७ हा अष्टमान संख्यांक असे. हा संख्यांक मुळात खूण म्हणून लिहिलेला नव्हता. ती यंत्रास दिलेली एक आज्ञा होती, आणि तिचा अर्थ, ‘पुढील मजकूर ओलांडून जा’, एवढाच होता. फाइलीच्या मस्तकी जी माहिती लिहिलेली असे, ती कार्यक्रम म्हणून चालविली जाऊ नये यासाठी ही उडी. परंतु प्रत्येक फाइलीच्या आरंभी तोच संख्यांक येऊ लागल्यावर त्यावरूनच फाइलीची जात ओळखण्याची वहिवाट पडली. १९७३ सालच्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत ‘फाइल’ नावाची एक आज्ञा आली. तिचे काम एखादी फाइल कोणत्या जातीची आहे हे सांगण्याचे. अशा आरंभीच्या संख्येस मॅजिक नंबर असे नाव पडले, आणि ते आजतागायत टिकून आहे. शब्दाचा मूळ अर्थ झिजून तो निव्वळ व्याकरणिक प्रत्यय बनावा, तसाच हा प्रकार आहे. आज्ञा लोपली, खूण उरली.

ध्वनीच्या बाबतीत निर्णायक वर्ष १९८५ हे धरावे लागेल. त्या वर्षीच्या जानेवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन खेळ-कंपनीतील जेरी मॉरिसन याने फाइलींच्या देवघेवीसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्यास आयएफएफ म्हणतात. त्यापूर्वी प्रत्येक कार्यक्रम आपली चित्रे व ध्वनी आपल्याच मर्जीच्या रचनेत ठेवीत असे, आणि एकाची फाइल दुसऱ्यास वाचता येत नसे. मॉरिसनच्या मानकाने फाइलीचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी चार अक्षरांचे नाव, त्यापुढे तुकड्याची लांबी सांगणारा आकडा, आणि मग मजकूर, अशी ही रचना आहे. चार अक्षरांच्या नावाची कल्पना ॲपलच्या मॅकिन्टॉशवरून घेतलेली होती. या रचनेतील खरी मेख लांबीच्या आकड्यात आहे. वाचणाऱ्या कार्यक्रमास एखाद्या तुकड्याचे नाव अपरिचित असले तरी, त्याची लांबी ठाऊक असल्यामुळे, तो त्यास ओलांडून पुढे जाऊ शकतो. न समजलेल्या मजकुरापाशी वाचन थांबत नाही. श्रीकार आणि मोर्तब येथे एकाच ठिकाणी, म्हणजे आरंभीच, लिहिले गेले असे म्हणता येईल.

याच मानकाची ध्वनीसाठी जी शाखा निघाली, तिच्यात मजकुराच्या तुकड्याबरोबर आणखी काही ऐच्छिक तुकड्यांची सोय केलेली होती : एक ध्वनीच्या नावासाठी, एक कर्त्याच्या नावासाठी, एक स्वामित्वहक्कासाठी आणि एक टीपेसाठी. हा तपशील मी मुद्दाम नोंदवितो. ध्वनीचे नाव आणि त्याचा कर्ता यांची जागा ध्वनीच्या शेजारीच असावी, हे तत्त्व या परंपरेच्या आरंभीच मान्य झालेले होते. पुढे १९८८ मध्ये ॲपलने याच रचनेवरून आपली ध्वनिफाइल बेतली आणि १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी आकड्यांतील बाइटांचा क्रम उलटा करून तीच रचना ‘रिफ’ या नावाने स्वीकारली. वेव्ह म्हणून जी ध्वनिफाइल सर्वत्र परिचित आहे, ती या रिफचीच एक जात होय. अज्ञात बासनात ‘आर-आय-एफ-एफ’ ही चार अक्षरे आढळली, की त्यापुढील चार बाइटांत लांबी मिळते आणि तेवढा भाग कापून काढला की बहुधा एक पूर्ण ध्वनी हाती येतो.

बासन बांधण्याची रीत निराळ्या वाटेने आली आणि तिला न्यायालयीन कज्जाची पार्श्वभूमी आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे राहणाऱ्या फिल कॅट्झने एका अन्य कंपनीच्या ‘आर्क’ नामक बासन-पद्धतीवर आधारित असा अधिक वेगवान कार्यक्रम तयार केला होता. त्या कंपनीने १९८८ मध्ये त्याच्यावर दावा लावला, आणि तडजोडीअंती कॅट्झला ती पद्धती सोडून द्यावी लागली. त्याने स्वतःची नवी पद्धती रचली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ती झिप या नावाने जाहीर केली. ही रचना त्याने सर्वांस खुली ठेवली. तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि कोणीही ती वापरावी अशी मुभा दिली. कॅट्झ एप्रिल २००० मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, वारला. त्याच्या नावाची आद्याक्षरे, ‘पी’ आणि ‘के’, ही आजही प्रत्येक झिप फाइलीच्या आरंभी लिहिलेली असतात. मृत लेखकाची मुद्रा इतक्या पत्रांवर उमटत राहावी, असे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

झिपच्या रचनेचा एक विशेष येथे सांगितला पाहिजे. तिच्यात प्रत्येक फाइलीचे नाव दोनदा लिहिलेले असते. एकदा त्या फाइलीच्या मजकुरापूर्वी, आणि पुन्हा बासनाच्या शेवटी जी एकत्र यादी असते तिच्यात. वाचणारा शेवटापासून सुरुवात करतो. यादी पाहतो आणि हव्या त्या ठिकाणी जातो. यादी फाटली, म्हणजे फाइल अर्धवट उतरली, तरी मधल्या मजकुराजवळची नावे शाबूत राहतात आणि पुष्कळसा ऐवज वाचविता येतो. हा दुहेरीपणा मूळच्या फ्लॉपी चकत्यांच्या गरजेतून आला असला तरी, त्याचा लाभ पुढे संशोधकांस झाला.

तिसरा धागा प्रत्यक्ष खेळांचा. १० डिसेंबर १९९३ रोजी टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर या मंडळींनी ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध केला. या खेळात कार्यक्रम निराळा आणि चित्रे, नकाशे, ध्वनी यांचे बासन निराळे ठेवलेले होते. या बासनास वॅड म्हणत. बारा बाइटांचे मस्तक. त्यात चार अक्षरांची खूण, नगांची संख्या आणि यादीचा पत्ता. यादीतील प्रत्येक नोंद सोळा बाइटांची. त्यात नगाचा पत्ता, त्याची लांबी आणि आठ अक्षरांपर्यंतचे नाव. ध्वनींची नावे ‘डी’ व ‘एस’ या अक्षरांनी सुरू होत. पिस्तुलाचा आवाज पाहिजे असल्यास त्या नावाने शोधावे आणि काढून घ्यावा. एवढेच नव्हे, तर आपले स्वतःचे लहान बासन तयार करून मूळ नगाच्या जागी आपला नग बसविण्याची सोयही कर्त्यांनीच ठेवली होती. आदल्या वर्षीच्या त्यांच्याच ‘वोल्फेनस्टाइन’ या खेळात लोकांनी अशी घालमेल मोठ्या कष्टाने केलेली त्यांनी पाहिली होती. विरोध करण्याऐवजी त्यांनी दार उघडे ठेवले. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये बासनाची रचना थोडी बदलली, आणि १९९९ च्या ‘क्वेक ३’मध्ये तर निराळे नाव देऊन सरळ झिपच वापरलेली आढळते. खेळांतून ध्वनी सोडविणारी हौशी पिढी या बासनांवर शिकली. नाव पाहावे, पत्ता पाहावा, लांबी मोजावी आणि नग उचलावा, ही त्यांची बाळबोध रीत होती. आणि ती बाळबोध राहू शकली याचे श्रेय बांधणाऱ्यांकडे जाते.

मोबाइलचे युग सुरू झाले तेव्हा हा सर्व वारसा आयता मिळाला. ॲपलचे ॲप-दुकान जुलै २००८ मध्ये उघडले आणि अँड्रॉइडचा पहिला फोन त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात विक्रीस आला. दोन्हीकडील ॲपची बासने ही वस्तुतः झिपच आहेत. अँड्रॉइडने ती जावा या भाषेच्या परंपरेतून घेतली. तेथे १९९७ पासून झिपचाच वापर होत होता. येथे एक लहानसा परंतु फार उपयुक्त अपवाद आढळतो. झिपमध्ये घालताना फाइली सामान्यतः दाबून लहान केल्या जातात. परंतु ध्वनिफाइली आधीच दाबलेल्या असल्यामुळे पुन्हा दाबून लाभ होत नाही, म्हणून अँड्रॉइडचे बांधणीयंत्र एमपी३, ऑग इत्यादी फाइली जशाच्या तशा ठेवते. अर्थात् बासन न सोडताही त्यातील ध्वनीच्या आरंभखुणा बाहेरून दिसतात. व्हिएटनाममध्ये तयार झालेल्या आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये कर्त्यानेच मागे घेतलेल्या ‘फ्लॅपी बर्ड’ या खेळात उणेपुरे पाच ध्वनी होते : पंखाचा, गुणाचा, आदळण्याचा, मरणाचा आणि झेपेचा. त्यांची नावेही तशीच होती. खेळ दुकानातून गेला तरी ते पाच ध्वनी आणि त्यांची नावे आजही लोकांच्या हाती आहेत.

ऑगचा उल्लेख आला, तेव्हा त्याचीही कुळकथा सांगणे प्राप्त आहे. सप्टेंबर १९९८ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने एमपी३ या पद्धतीवरील आपल्या एकस्वाचे शुल्क मागण्याचा मनोदय पत्रद्वारे कळविला. त्यावर अमेरिकेतील ख्रिस माँटगोमेरी व त्याचे सहकारी यांनी शुल्कमुक्त अशी व्हॉर्बिस पद्धती रचली, तिची १.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हॉर्बिसचा प्रवाह ऑग नावाच्या वेष्टनात असतो. या वेष्टनाची पाने असतात, प्रत्येक पानाच्या आरंभी चार अक्षरांची खूण, पानाचा क्रमांक आणि मजकूर शाबूत आहे की नाही हे तपासण्याचा एक पडताळा-अंक असतो. पोथीच्या पत्रांवरील अंकांप्रमाणेच ही व्यवस्था आहे. मधले पान गहाळ झाले तर ते तत्काळ कळते. एमपी३ मध्ये असा मस्तकलेख नाही. तेथे लहान लहान खंडांच्या आरंभी अकरा एक-अंक ओळीने येतात, एवढीच खूण; आणि अशी ओळ अन्य मजकुरातही योगायोगाने येऊ शकते. म्हणून अज्ञात बासनात ऑग शोधणे सोपे आणि एमपी३ शोधणे चकव्याचे.

व्हॉर्बिसच्या प्रवाहाआधी तीन मस्तकलेख येतात. पहिल्यात ध्वनीचा वेग व मार्गसंख्या, दुसऱ्यात शीर्षक, कलावंत वगैरे टिपा, आणि तिसऱ्यात संकेतकोश. हा तिसरा भाग फार महत्त्वाचा आहे. एमपी३ चे कोष्टक सर्वांस ठरलेले असते. व्हॉर्बिसचे कोष्टक मात्र प्रत्येक फाइल आपल्याबरोबर घेऊन हिंडते. ते नसेल तर पुढील मजकूर म्हणजे किल्ली हरवलेली सांकेतिक लिपी होय.

येथून पुढे इतिहासाची दिशा पालटते. मोबाइल-खेळ मोठे होऊ लागले, आणि प्रत्येकाने आपले बासन आपणच बांधण्याची पद्धती मागे पडली. युनिटी नावाचे खेळबांधणीचे यंत्र २००५ मध्ये निघाले. २००८ पासून आयफोनसाठी आणि २०१० पासून अँड्रॉइडसाठी त्याचा वापर होऊ लागला, आणि मोबाइल-खेळांचा फार मोठा भाग त्यावर तयार होऊ लागला. इकडे गुगलच्या दुकानात ॲपची मर्यादा ५० मेगाबाइट होती. मार्च २०१२ मध्ये तिच्या जोडीस प्रत्येकी दोन गिगाबाइटपर्यंतची दोन पूरक बासने ठेवण्याची परवानगी मिळाली. ध्वनी बहुधा या पूरक बासनांत गेले. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपसाठी तीही रीत बदलून निराळी वाटपपद्धती आली.

युनिटीच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बासनाच्या आत ध्वनी ऑग किंवा एमपी३ च्या रूपातच असे, म्हणजे जुन्या खुणांवरून तो सापडे. मार्च २०१५ मधील पाचव्या आवृत्तीत ध्वनीचे काम मेलबर्नच्या फायरलाइट कंपनीच्या एफमॉड या यंत्रणेच्या ‘एफएसबी५’ या वेष्टनाकडे सोपविले गेले. या वेष्टनात दोन गोष्टी झाल्या. पहिली अशी, की व्हॉर्बिसचे ऑग वेष्टन काढून टाकले गेले, टिपांचा मस्तकलेख गाळला गेला, आणि संकेतकोशाच्या ऐवजी त्याचा केवळ एक पडताळा-अंक नोंदविला जाऊ लागला. कोश यंत्रणेच्या पोटात असतो. फाइलीत फक्त ‘अमुक क्रमांकाचा कोश पाहावा’ एवढी सूचना. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही. संकेतकोश तीन-चार किलोबाइट जागा घेतो, आणि एका वाक्याच्या आवाजामागे एवढे ओझे वाहणे हे कोणाही व्यवहारी माणसास खटकेल. दुसरी गोष्ट अशी, की ध्वनीचे नाव आणि ध्वनीचा मजकूर यांची ताटातूट झाली. नाव एका फाइलीतील नोंदीत; मजकूर दुसऱ्या, केवळ बाइटांच्या, फाइलीत; आणि दोहोंना जोडणारे दोन आकडे, पत्ता व लांबी. खुद्द फाइलींचीही नावे बत्तीस अक्षरांची निरर्थक अक्षरमाला असतात. २०१५ अखेरच्या ५.३ या आवृत्तीपासून सर्वांवर ‘युनिटीएफएस’ या आरंभखुणेचे आणखी एक आवरण चढले.

हौशी मंडळींनी यावर जो उपाय काढला, तो पाठचिकित्सेच्या अभ्यासकास आदराने पाहावासा वाटेल असा आहे. त्यांनी निरनिराळ्या गुणवत्तेच्या फाइली स्वतः तयार करून संकेतकोश गोळा केले, प्रत्येकाचा पडताळा-अंक काढला आणि अंकावरून कोश शोधण्याची सूची बनविली. मग खेळातून काढलेल्या मजकुरास योग्य तो कोश जोडून, ऑगची पाने पुन्हा बांधून, ऐकण्याजोगी फाइल सिद्ध केली. लुप्त पाठ अन्य प्रतींच्या साहाय्याने पुनःस्थापित करावा, तीच ही पद्धती. परंतु गाळला गेलेला टिपांचा मस्तकलेख मात्र परत येत नाही. तो कोणत्याही सूचीत नाही, कारण तो प्रत्येक ध्वनीचा स्वतःचा होता.

आता भाषाशास्त्राने या साऱ्यात का पडावे, हे सांगितले पाहिजे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचे खंड आपणां सर्वांच्या हाताखालचे आहेत. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाहणीत उधळ्या पुत्राचा एकच दृष्टान्त प्रत्येक बोलीत उतरवून घेतलेला आहे. हेतू हा की, आशय एक राहावा आणि भाषेतील भेद तेवढा उठून दिसावा. पुढे त्याच पाहणीच्या जोडीने ग्रामोफोनच्या तबकड्याही करण्यात आल्या. त्यांचे मोल आज आहे ते त्यांवरील नोंदींमुळे : भाषा कोणती, प्रांत कोणता, मजकूर कोणता. नोंदीवाचून ती निव्वळ खरखर होय.

मोबाइल-खेळांत अशी समांतर वाणी अनायासे तयार झालेली आहे. ब्लिझर्ड कंपनीचा पत्त्यांचा खेळ ‘हार्थस्टोन’ हे याचे चांगले उदाहरण आहे. मार्च २०१४ मध्ये तो संगणकावर, पुढील महिन्यात आयपॅडवर आणि एप्रिल २०१५ मध्ये लहान फोनांवर आला. त्याची बांधणी युनिटीची आहे. त्यातील पात्रांची पाने खेळताना, हल्ला करताना आणि मरताना निरनिराळे उद्गार काढतात, आणि हे उद्गार अनेक भाषांत, त्या त्या भाषेच्या नटांकडून, वदविलेले आहेत. ध्वनींच्या नावांत पानाचा संकेतांक, प्रसंग आणि अनुक्रमांक असतात, आणि त्यामुळे एका भाषेतील उद्गाराची दुसऱ्या भाषेतील उद्गाराशी जोडी लावता येते. आज्ञार्थाचा सूर, संबोधनाचा आघात, वेदनेचे उद्गारवाचक यांचा तौलनिक अभ्यास करू पाहणाऱ्यास यापरते सोयीचे साधन मिळणे कठीण. अर्थात् ही वाणी नैसर्गिक नव्हे. ती पाठ केलेली, अभिनित आणि पुष्कळदा भाषांतरित आहे. तिजवरून बोलीभूगोल काढू जाणे हे नाटकाच्या संवादांवरून जनगणना करण्यासारखे होईल. परंतु एका काळी प्रमाण मानला गेलेला व्यावसायिक उच्चार कसा होता, याचा पुरावा म्हणून तिची योग्यता निर्विवाद आहे. हे सर्व केव्हा? तर नाव शाबूत असेल तेव्हा. नाव गेले की हजारो उद्गार क्रमांक मात्र उरतात, आणि कोणता उद्गार कोणत्या प्रसंगाचा, हे कानाने ठरवीत बसावे लागते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ या खेळाचे मूळ संवाद इंग्रजीत होते व हिंदी संवाद २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. तो खेळ मुळात मोबाइलचा नसला तरी, भारतीय भाषांतही अशी समांतर वाणी निर्माण होऊ लागल्याची ती खूण आहे.

कायद्याचा विचार टाळता येत नाही. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ घातले गेले. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणे हा त्या कलमाने गुन्हा ठरतो. कायदेशीररीत्या मिळविलेल्या प्रतीवर सांकेतीकरणाचे संशोधन करण्यास मात्र त्याच कलमात सवलत आहे, आणि खासगी अभ्यास व संशोधनासाठी उचित वापराची तरतूद कलम ५२ मध्ये आहे. साधी झिप उघडणे आणि किल्ली लावलेले बासन फोडणे यांत फरक आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. याच दुरुस्तीने आलेले कलम ३८-ब मला अधिक महत्त्वाचे वाटते. कलावंतास, काही अपवाद सोडून, आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क ते देते. कायदा नाव मागतो, आणि बासन नाव गाळते. २६ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील नटांच्या संघटनेने खेळ-कंपन्यांविरुद्ध जो संप पुकारला, त्यात मुद्रित आवाजावरून यंत्राने कृत्रिम आवाज घडविण्याचा प्रश्न अग्रभागी होता. जुलै २०२५ मध्ये नव्या करारास मान्यता मिळेपर्यंत तो वाद चालला. निनावी सुटलेला आवाज हा अशा नकलेस सर्वांत सोपा बळी होय. तेव्हा काढलेले ध्वनी खुशाल वाटत सुटणे हे संशोधन नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहारात काय करावे, याविषयी एवढेच सुचवितो. खेळाचे नाव व आवृत्तीचा क्रमांक, बासनाचे नाव, त्यातील पत्ता आणि लांबी, मूळ नोंदीतील नाव जसेच्या तसे, आणि श्रेयनामावलीत आढळणारी नटांची नावे, ही प्रत्येक ध्वनीबरोबर लिहून ठेवावीत. आणि मूळ बासन, एक बाइटही न बदलता, निराळे जतन करावे. आवृत्तीच्या क्रमांकाचा आग्रह यासाठी की, खेळ वरचेवर बदलतात आणि जुने उद्गार काढून नवे घातले जातात. मूळ बासनाचा आग्रह यासाठी की, आज न उकलणारा भाग उद्या उकलेल. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएसच्या अकराव्या आवृत्तीने जुन्या ३२-बिटी ॲपांस एकाएकी अपात्र ठरविले. ज्यांच्यापाशी बासने होती, त्यांच्यापाशी त्या खेळांचे ध्वनी राहिले.

परंतु बासन हाती असणे हीच गोष्ट आता दुर्मिळ होत आहे. अलीकडील अनेक खेळांत दुकानातून मिळते ते केवळ कवच. संवादांची बासने खेळ सुरू झाल्यावर दूरच्या सर्व्हरवरून उतरतात, आणि तीही खेळणाऱ्याने निवडलेल्या एकाच भाषेची. एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेला ‘लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल फेस्टिव्हल’ हा जपानी खेळ ३१ मार्च २०२३ रोजी बंद झाला. अशा खेळाचा सर्व्हर थांबल्यावर, ज्या भाषेची बासने कोणाच्याही यंत्रावर उतरली नव्हती, त्या भाषेतील आवाज सोडविण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.